विवाहचित्रे व प्रीतिकथा : इतिहासाचे एक उपेक्षित साधन
(देवळी, जिल्हा वर्धा, येथील घरगुती संग्रहांच्या निमित्ताने)

१

वर्धा जिल्ह्यातील देवळी या गावाचे नाव इतिहासाभ्यासकांस ठाऊक आहे ते तेथे सापडलेल्या ताम्रपटामुळे. राष्ट्रकूट नृपती तिसरा कृष्ण याचा शके ८६२, म्हणजे इ. स. ९४०, या वर्षीचा हा दानलेख डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पाचव्या खंडात संपादून प्रसिद्ध केला. त्यातील ‘नागपुर-नंदिवर्धन’ या प्रदेशनामाने विदर्भाच्या प्राचीन भूगोलास मोठाच आधार मिळाला. त्याच गावातील, पण अगदी निराळ्या जातीच्या एका साधनाकडे आम्ही आज वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. हे साधन तांब्यावर कोरलेले नाही किंवा बोरूने लिहिलेले नाही. ते प्रकाशाने काचेवर, फिल्मवर व कागदावर उमटविलेले आहे. घरोघरी कपाटात, ट्रंकेत किंवा माळ्यावर पडून असलेली लग्नाची छायाचित्रे ते हे साधन होय.

देवळी हे वर्धा–यवतमाळ रस्त्यावरील कापसाच्या मुलखातले गाव. कापूस घरात येऊन त्याचे पैसे झाले की लग्ने निघतात, आणि लग्न निघाले की छायाचित्रकार ठरतो. पूर्वी त्याचे काम मांडवात येऊन मोजकी चित्रे घेण्यापुरते असे. आता तो साक्षगंधापासून सुनेच्या गृहप्रवेशापर्यंत बरोबर असतो. एवढेच नव्हे, तर वधूवरांची पहिली भेट कोठे झाली, कोणी कोणास आधी विचारले, घरच्यांची संमती कशी मिळाली, हा सारा वृत्तान्त तो त्यांच्या तोंडून ऐकतो आणि चित्रांच्या जोडीने चार लोकांस सांगतो. मुंबईचे विशाल पंजाबी यांची ‘द वेडिंग फिल्मर’ ही संस्था आणि जोसेफ राधिक यांच्यासारखे छायाचित्रकार या प्रकारात देशभर नावाजले आहेत. डिसेंबर २०१७ मध्ये इटलीत झालेल्या विराट कोहली व अनुष्का शर्मा यांच्या विवाहाचे चित्रण त्यांच्याच हातचे. तालुक्याच्या गावचा छायाचित्रकार आपल्या ऐपतीप्रमाणे तेच करतो.

पोथ्या, दफ्तरे व नाणी जमविणाऱ्या मंडळींस हा विषय हलका वाटण्याचा संभव आहे. परंतु आमचे म्हणणे असे की, विवाहाचे छायाचित्र ही एक साक्ष आहे. त्यासोबत सांगितलेली प्रीतिकथा ही एक प्रशस्ती आहे. आणि साक्ष व प्रशस्ती पारखण्याच्या ज्या कसोट्या आपण ताम्रपटांस व बखरींस लावतो त्याच येथेही लागू पडतात. त्या लावण्याची वेळ आजची आहे, कारण हे साधन आपल्या डोळ्यांदेखत नष्ट होत आहे.

२

विदर्भात वाङ्निश्चयाच्या विधीस ‘साक्षगंध’ म्हणतात. या शब्दात साक्ष आहे हे लक्षात घेण्याजोगे आहे. ज्याने प्रत्यक्ष पाहिले तो साक्षी, अशी त्या शब्दाची व्युत्पत्ती पाणिनीने दिली आहे. विवाह हा मुळापासूनच साक्षीने व्हावयाचा संस्कार होय. अग्नी साक्षीस असतो. आश्वलायन गृह्यसूत्राप्रमाणे वधूने रात्री ध्रुव, अरुंधती व सप्तर्षी पहावयाचे असतात. आणि जमलेले आप्तेष्ट अक्षता टाकून आपली संमती व उपस्थिती दोन्ही प्रकट करतात. परंतु अग्नी व तारे पुढे कोणास काही सांगत नाहीत, आणि आप्तेष्ट एका पिढीत काळाच्या पडद्याआड जातात. विवाहाच्या साक्षीस चित्र आणण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. संस्कृत नाटकांतील दोन स्थळे या बाबतीत फार उद्बोधक आहेत.

पहिले स्थळ भासाच्या ‘स्वप्नवासवदत्ता’तील. हे नाटक शतकानुशतके केवळ नावाने ठाऊक होते. म. म. गणपतिशास्त्री यांस केरळातील ताडपत्रांत ते सापडले व १९१२ मध्ये त्रिवेंद्रम येथून छापले गेले, ही हकीकत हस्तलिखितांच्या संग्राहकांस सांगावयास नको. उदयनाने वासवदत्तेस उज्जयिनीहून पळवून नेले, त्यामुळे त्यांचे लग्न विधिपूर्वक लागले नव्हते. तेव्हा तिच्या आईबापांनी दोघांची चित्रे फलकावर काढवून त्या चित्रांचेच लग्न लावले. तो चित्रफलक सहाव्या अंकात राजाकडे येतो. वासवदत्ता जळून मेली असे सर्व मानत असतात, आणि ती तर पद्मावतीजवळ आवंतिका या नावाने राहत असते. पद्मावतीला चित्रातील मुखाचे आवंतिकेशी साम्य दिसते. येथे भासाने तिच्याकडून जे करविले आहे ते कोणत्याही संशोधकाने आदर्श म्हणून घ्यावे. वासवदत्तेचे चित्र हुबेहूब आहे की नाही हे ती विचारतेच, पण तेवढ्यावर विसंबत नाही. शेजारचे राजाचे चित्र प्रत्यक्ष राजाशी ताडून पाहते. ते जुळते असे दिसल्यावर, हे खरे तर तेही खरे, असा निर्णय करते. ज्ञातावरून अज्ञाताची पारख करावी हा साधनपरीक्षेचा पहिला नियम एका विवाहचित्राच्या निमित्ताने रंगभूमीवर आला आहे.

दुसरे स्थळ भवभूतीचे, आणि भवभूती तर विदर्भाचाच. त्याचे पद्मपूर म्हणजे आजच्या गोंदिया जिल्ह्यातील पदमपूर असे म. म. वासुदेव विष्णु मिराशी यांनी प्रतिपादिले आहे. ‘उत्तररामचरिता’च्या पहिल्या अंकात लक्ष्मण राम-सीतेस त्यांच्या चरित्राची चित्रे दाखवितो. त्यांत मिथिलेतील विवाहसोहळा आहे. ते पाहताना रामास पाणिग्रहणाच्या वेळचा सीतेच्या हाताचा स्पर्श आठवतो. दांपत्याने आपल्या लग्नाचा आल्बम उघडून बसावे असाच हा प्रसंग आहे. येथे दोन गोष्टी टिपून ठेवण्यासारख्या आहेत. एक अशी की, ही चित्रे अर्जुन नावाच्या चित्रकाराने लक्ष्मणाच्या सांगण्यावरून काढली आहेत. चित्रकार स्वतः साक्षी नव्हता. दुसरी अशी की, चित्रातील वधूंची नावे सांगताना लक्ष्मण सीता, मांडवी व श्रुतकीर्ती यांची नावे घेतो आणि स्वतःच्या पत्नीस, ऊर्मिलेस, वगळतो. सीता हसून विचारते तेव्हा तो लाजतो व दुसरेच चित्र पुढे करतो. विवाहचित्राखाली एका स्त्रीचे नाव सुटल्याचे हे आपल्या वाङ्मयातील जुने उदाहरण होय. याचे महत्त्व पुढे दिसेल.

३

छायाचित्रणकलेचा शोध १८३९ मध्ये युरोपात जाहीर झाला. १८५४ मध्ये मुंबईत छायाचित्रण-मंडळ निघाले, आणि १८५५ मध्ये एल्फिन्स्टन विद्यालयात या कलेचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या मंडळातील प्रमुख सभासदांपैकी. हरिश्चंद्र चिंतामण यांनी त्याच सुमारास मुंबईत हा धंदा चालविला. लाला दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये सिकंदराबादेस पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र चित्रशाळा काढली आणि १८९६ मध्ये मुंबईत आपली शाखा उघडली.

यापूर्वीच्या लग्नांची कागदपत्रे आपल्यास मिळतात ती मुख्यतः यादींच्या रूपाने. सोयरिकीची याद, मानपानाची याद, आहेराची याद, रुखवताचे टिपण, लग्नखर्चाचा हिशेब, असे कागद जुन्या दफ्तरांत असतात. सवाई माधवरावांचे लग्न १७८३ मध्ये झाले. त्याच्या बंदोबस्ताची याद पेशवाईच्या अभ्यासकांस परिचित आहे. अशा यादींवरून पंक्ती किती, मान कोणास, खर्च काय, हे कळते. वधूचा चेहरा कळत नाही. मांडवात कोणाच्या डोळ्यांस पाणी होते हेही कळत नाही. ती उणीव छायाचित्राने भरून काढली. परंतु ती एकदम व पूर्णपणे भरून आली असे समजू नये. कोणत्या काळात कोणते चित्र घेणे शक्य होते हे यंत्राने ठरविले होते, आणि संग्राहकास याचे ज्ञान असल्यावाचून चित्राचा काळ ठरविता येणार नाही.

पहिल्या काळात काचेवर ओला लेप देऊन तो सुकण्यापूर्वीच चित्र घ्यावे व धुवावे लागे. काही सेकंद निश्चल राहणे भाग असे. मांडवाच्या गर्दीत, रात्रीच्या मुहूर्तावर, हे होणे अशक्यच. म्हणून त्या काळच्या विवाहचित्रात विवाह नसतो. लग्न झाल्यावर जोडपे चित्रशाळेत जाऊन पडद्यापुढे बसते. वर खुर्चीवर, वधू बाजूस उभी, दोघांची नजर ताठ. त्या ताठरपणावरून दांपत्यात प्रेम नव्हते असे अनुमान काढणे चूक होय. कित्येक ठिकाणी खुर्चीच्या मागे मानेस टेकू दिलेला असे.

१८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स याने कोरड्या काचेची युक्ती प्रसिद्ध केली. पुढील दशकात तयार काचा विकत मिळू लागल्या, आणि छायाचित्रकार चित्रशाळेबाहेर पडला. १८८७ पासून मॅग्नेशियमच्या भुकटीचा झगझगाट वापरून रात्रीही चित्र घेता येऊ लागले. पुढे गुंडाळीची फिल्म आली. चौकोनी चित्रे देणाऱ्या कॅमेऱ्यात एका गुंडाळीवर बारा चित्रे निघत. फिल्म महाग, म्हणून छायाचित्रकारास निवड करावी लागे. अंतरपाट, कन्यादान, सप्तपदी, वरात आणि दोन्हीकडील मंडळींचे एक समूहचित्र, असा क्रम ठरून गेला. आम्ही पाहिलेल्या देवळीच्या जुन्या आल्बमांत हाच क्रम पुनःपुन्हा आढळला. पुरोहिताच्या प्रयोगपोथीइतकाच तो नियत झाला होता. आता एका लग्नाची हजारो चित्रे निघतात व निवडीचे बंधन उरले नाही. जुन्या साधनाची अडचण तुटपुंजेपणाची होती. नव्याची अडचण राशीची आहे.

४

आता प्रीतिकथेचा विचार करू. विदर्भभूमीस हा विषय अपरिचित म्हणता यावयाचा नाही. लोपामुद्रा, दमयंती, रुक्मिणी, इंदुमती, मालविका या साऱ्या विदर्भाच्याच राजकन्या. रुक्मिणीचे कौंडिण्यपूर तर वर्धा नदीच्या काठीच आहे. या कथांत एक समान गोष्ट दिसते. प्रेमाचा निरोप नेणारा किंवा सांगणारा कोणी तिसरा असतो. दमयंतीच्या कथेत हंस आहे, रुक्मिणीच्या कथेत तिचे पत्र नेणारा ब्राह्मण आहे, आणि मालविकेच्या कथेत तर चित्रच ते काम करते, कारण अग्निमित्र तिला प्रथम चित्रात पाहतो. आजच्या लग्नात हे तिसऱ्याचे काम छायाचित्रकाराकडे आले आहे.

त्याची कथा कशी वाचावी? प्रथम हे ध्यानात घ्यावे की तो मोल घेऊन सांगतो. जो दाम देतो त्याला गोड वाटेल असेच तो सांगणार. त्याच्या कथेत भांडण नाही, हुंड्याची कुजबूज नाही, मोडलेली पहिली सोयरीक नाही. पण एवढ्यावरून ती टाकाऊ ठरत नाही. देवळीच्या ताम्रपटातील प्रशस्तीही राजाश्रयानेच रचलेली आहे. तीत राष्ट्रकूटांचा वंश चंद्रापासून व यादवांतील सात्यकीच्या शाखेपासून आणून भिडविला आहे. आपण तो भाग इतिहास म्हणून घेत नाही. परंतु शके ८६२ हे वर्ष आणि नागपुर-नंदिवर्धन हे स्थळ आपण निःशंकपणे घेतो, कारण ती सांगण्यात कवीस काही साधावयाचे नव्हते. हाच विवेक येथे करावा. प्रीतिकथेतील भावना सोडाव्यात, प्रसंगाने आलेला तपशील घ्यावा. दोघांची भेट महाविद्यालयात झाली, एसटीच्या थांब्यावर झाली, की नातेवाइकाच्या लग्नात झाली. दोघे एका जातीचे की भिन्न जातींचे. प्रथम होकार आईने दिला की वडिलांनी. मुलगी नोकरीस होती काय. हे सारे सहज सांगितलेले असते. शंभर वर्षांनी विदर्भातील विवाहसंस्था कशी पालटली हे लिहू जाणाऱ्यास या सहजोक्तींइतके मोलाचे दुसरे साधन मिळणार नाही.

दुसरा प्रश्न काळाचा. रमाबाई रानडे यांचे लग्न १८७३ मधले. त्यांच्या आठवणींचे पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाई टिळकांचे लग्न १८८० मधले, आणि ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मधला. दोन्ही ग्रंथ अनमोल आहेत. परंतु ते उत्तरकालीन आहेत. सारे आयुष्य सरल्यावर मागे वळून पाहिलेले आहेत. छायाचित्रकाराने सांगितलेली कथा त्याच महिन्यातली, समकालीन. तीत पुढचे काहीच ठाऊक नाही. समकालीन पण विकत घेतलेली, आणि उत्तरकालीन पण निर्भीड, अशा दोन प्रकारच्या साधनांची सांगड घालण्याचे काम इतिहासकाराचे असते. एकच प्रकार उरला तर सांगड कशाची घालणार?

तिसरा प्रश्न, आणि तो सर्वांत महत्त्वाचा, असा की चित्र हे घडलेल्याचे आहे की घडविलेल्याचे. या बाबतीत वर्धा जिल्ह्यातच एक उत्तम तुलना उपलब्ध आहे. महात्मा गांधींच्या पुतण्याचे पुत्र कनू गांधी (१९१७–१९८६) हे सेवाग्रामात आश्रमाचे काम करीत असता छायाचित्रे घेऊ लागले. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या शंभर रुपयांतून त्यांनी कॅमेरा घेतला. गांधीजींनी त्यांस तीन अटी घातल्या : फ्लॅश वापरावयाचा नाही, चित्रासाठी अमुक तऱ्हेने बसा असे म्हणावयाचे नाही, आणि आश्रम या कामास पैसे देणार नाही. या तीन अटींमुळे कनू गांधींच्या चित्रांस साक्षीची योग्यता आली. त्यांत गांधीजी पाठमोरे आहेत, अंधुक आहेत, कामात आहेत. १९४४ मध्ये कनूंचा आभा चटर्जी यांच्याशी विवाह झाला. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा आभा त्यांच्या बाजूस होत्या. त्या दांपत्याचे जीवन व आपल्या देशाचा इतिहास असे एकमेकांत गुंतलेले आहेत.

लग्नाच्या मांडवात याच्या नेमके उलट चालते. दिवा प्रखर असतो, ‘हार पुन्हा एकदा घाला’ असे सांगितले जाते, आणि काम मोलाने होते. अर्थात हार घालतानाचे चित्र पाहून हार त्याच क्षणी घातला असे म्हणता येत नाही. तो कदाचित दुसऱ्यांदा घातलेला असेल. मग चित्रात खरे काय? आमच्या अनुभवाने चित्राच्या मध्यापेक्षा कडा अधिक विश्वसनीय असतात. मध्यभागी वधूवर असतात व त्यांस उभे केलेले असते. कडेला ताट धरून उभी असलेली मावशी, चपला शोधणारे मूल, मांडवाच्या खांबाला बांधलेली आंब्याची डहाळी, भिंतीवरचे कॅलेंडर, रुखवतात मांडलेली भांडी, यांस कोणी उभे केलेले नसते. कॅलेंडरवरून वर्ष निघते, भांड्यांवरून घराची स्थिती कळते, आणि पाहुण्यांच्या पोशाखावरून गावात कोणते कापड केव्हा आले हे समजते. ज्याचे चित्र घ्यावयाचे नव्हते तेच उत्तम साक्षी ठरते.

५

देवळीत ज्या घरांनी कृपा करून आपले आल्बम आम्हांस दाखविले त्यांत एक उणीव बहुतेक सर्वत्र आढळली. चित्राच्या पाठीवर काहीही लिहिलेले नाही. फार झाले तर छायाचित्रकाराचा पुसट शिक्का असतो. चित्रातला आजा ओळखतात, कारण त्याचे नाव सातबाऱ्यावर आहे. आजीचे नाव सासरचे तेवढे ठाऊक असते. माहेरचे नाव, माहेरचे गाव सांगणारे कोणी उरलेले नसते. लग्नात नाव बदलण्याच्या चालीमुळे ती दोनदा नाहीशी होते. लक्ष्मणाने ऊर्मिलेस वगळले ते लज्जेने. आम्ही आपल्या आज्यांस वगळले ते निष्काळजीपणाने.

याच्या उलट दाखला विदर्भाच्याच इतिहासात आहे. वाकाटक नृपती दुसरा रुद्रसेन याची राणी प्रभावतीगुप्ता ही सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या. पतीच्या मृत्यूनंतर पुत्र अल्पवयी असता तिने राज्य चालविले. नंदिवर्धनाहून दिलेल्या तिच्या ताम्रपटात तिने प्रथम आपल्या पित्याचा गुप्तवंश सांगितला आहे, आईचे कुबेरनागा हे नाव दिले आहे, आणि आपले गोत्र पित्याचे धारण हेच ठेवले आहे. सोळाशे वर्षांपूर्वीच्या या विवाहाची वधूपक्षाकडील साक्ष आपल्यास मिळते ती तिने स्वतः ती लिहविली म्हणून. हा ताम्रपट एका तांबट कुटुंबाच्या जवळ निघाला, आणि का. बा. पाठक व का. ना. दीक्षित यांनी तो ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पंधराव्या खंडात प्रसिद्ध केला. ज्याचा धंदा तांबे वितळविण्याचा, त्याच्या घरी तो सुरक्षित राहिला हे आपले भाग्य. तो मुशीत गेला असता तर गुप्त व वाकाटक यांच्या कालक्रमाचा एक मुख्य दुवाच निखळला असता.

छायाचित्रांच्या नशिबी मात्र तांबट नाही, भंगारवाला आहे. कृष्णधवल फिल्मवर चांदीचा अंश असतो, आणि चित्रशाळा बंद पडली की निगेटिव्हांच्या पेट्या त्या चांदीसाठी वजनावर विकल्या जातात. काचा फुटतात. ओलीने बुरशी चढते. जुन्या फिल्मला शिरक्यासारखा आंबूस वास येऊ लागला की ती आतून कुजू लागली असे समजावे. रंगीत चित्रे तीस-चाळीस वर्षांत तांबूस होतात. आणि आजची चित्रे तर कागदावरही नसतात. सीडी वाचता येत नाही, हार्ड डिस्क उघडत नाही, आणि मोबाइल बदलताना जुना संग्रह मागे राहतो. ताडपत्र वाळवीने खाल्ले तरी चार अक्षरे उरतात. येथे अक्षरही उरत नाही.

चित्रशाळेचा संग्रह वेळीच हाती आला तर काय साधते याचे उदाहरण दीनदयाळ यांच्या काचांचे आहे. त्यांपैकी २,८५७ काचा १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या व त्या वाचल्या. घराघरांतील चित्रे त्यांच्या कथेसह जमविण्याचे काम अनुषा यादव यांनी २०१० मध्ये मुंबईत ‘इंडियन मेमरी प्रोजेक्ट’ या नावाने आरंभिले आहे. परंतु दिल्ली व मुंबई येथून देवळीच्या माळ्यावरची ट्रंक उघडली जाणार नाही. ती स्थानिक मंडळींनीच उघडली पाहिजे.

६

यास्तव काही व्यवहार्य सूचना करून हा लेख संपवितो.

पोथीच्या शेवटी पुष्पिका असते. तीत लेखक, काळ, स्थळ व कोणासाठी लिहिली हे सांगितलेले असते, आणि पुष्पिका नसलेल्या पोथीस आपण निम्मेच मोल देतो. प्रत्येक विवाहचित्रास अशी पुष्पिका असावी. मऊ शिसपेन्सिलीने, दाब न देता, चित्राच्या पाठीवर कडेला लिहावे; शाई वापरू नये, ती पुढच्या बाजूस फुटते. लिहावयाच्या गोष्टी या : वराचे पूर्ण नाव, वधूचे माहेरचे व सासरचे अशी दोन्ही नावे, दोन्हीकडची गावे, मिती व इंग्रजी तारीख, चित्र घेणाऱ्याचे नाव, आणि समूहचित्रात डावीकडून उजवीकडे प्रत्येकाचे नाव व नाते. ज्याची ओळख पटत नाही त्याच्या जागी ‘अज्ञात’ असे लिहावे, ती जागा गाळू नये.

चिकट पानांच्या आल्बमातील चित्रे डिंकाने खराब होतात. सहज सुटत असतील तर ती काढून आम्लरहित कागदाच्या पाकिटात ठेवावीत. सुटत नसतील तर ओढू नयेत, पानासह प्रत करून घ्यावी. काळ्या कागदाचा, कोपऱ्यांत चित्र अडकविण्याचा जुना आल्बम मात्र मोडू नये, कारण चित्रांचा क्रम हीही एक माहिती आहे. लग्नपत्रिका आल्बमातच ठेवावी. १९९८ च्या कायद्यान्वये महाराष्ट्रात विवाहनोंदणी होते, आणि १४ फेब्रुवारी २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्वच विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचा आदेश दिला. नोंदणीच्या अर्जाबरोबर पत्रिका व लग्नातील छायाचित्र जोडण्याची रीत असल्याने चित्राची साक्ष सरकारनेही मानली आहे असे म्हणावयास हरकत नाही.

प्रीतिकथा लिहून घेताना ती कोणी सांगितली, केव्हा सांगितली व कोण समोर होते, हे आरंभीच नोंदवावे. शक्य असेल तर वराकडून व वधूकडून ती वेगवेगळी ऐकावी. जेथे दोघांच्या सांगण्यात फरक पडतो तेथे तो मिटवू नये, दोन्ही पाठ लिहून ठेवावेत. दोन प्रतींत पाठभेद आढळला असता आपण एक पाठ फाडून टाकीत नाही. ज्या गोष्टीने कोणा जिवंत माणसाची अब्रू जाईल ती त्याच्या हयातीत प्रसिद्ध करू नये, पण मोहोरबंद करून ठेवण्यास प्रत्यवाय नाही.

आणि शेवटची विनंती गावोगावच्या छायाचित्रकारांकडे जाऊन करावयाची आहे. त्यांनी आपल्या कामाची वही ठेवावी, जुनी ठेवलेली असल्यास ती रद्दीत घालू नये, आणि दुकान बंद करण्याची वेळ आल्यास निगेटिव्हांची पेटी विकण्यापूर्वी जवळच्या ग्रंथालयास वा संशोधन मंडळास कळवावे. वजनावर मिळणारी रक्कम फार नसते. तेवढी रक्कम गोळा करणे आमच्या मंडळींस कठीण नाही. देवळीचा ताम्रपट सापडला तेव्हा तो वाचावयास भांडारकर होते. माळ्यावरची पेटी वाचावयास त्यांच्याइतकी विद्वत्ता लागत नाही. घरातील वृद्ध बाई अजून बोलत्या आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून नावे विचारून घेणे, एवढेच लागते. हे काम येत्या लग्नसराईपूर्वी प्रत्येक सभासदाने आपल्या घरापासून सुरू करावे, अशी आमची प्रार्थना आहे.